गढूळ पाझर

चाकूरजवळच्या एका गावात पाझर तलावाच्या मातीच्या भिंतीवरची झुडपं तोडायला पंचशीला दरवर्षी जाते. तिथंच एका इंजिनिअरनं तिला सांगितलं होतं, पायथ्याशी नितळ पाणी झिरपलं तर भिऊ नका. गढूळ आलं तर समजा, आतली माती वाहून चालली.

यंदा तलाव काठोकाठ भरला आणि एका सकाळी तिला पायथ्याशी गढूळ पाणी दिसलं. बाटली भरून ती थेट सरपंच शरणम्मांच्या घरी गेली.

"पाझर तलाव हाय, पाझरणारच की," शरणम्मा म्हणाल्या.

"अक्का, जरा दम धरून बघा."

चहा उकळेपर्यंत बाटलीच्या तळाशी मातीचा थर बसला. शरणम्मांनी चहा तसाच ठेवून फोन लावला.

दुपारी इंजिनिअर आले. त्यांच्या सांगण्यावरून गावानं पाझराच्या जागी आधी वाळू, मग खडी अंथरली. पाणी येत राहिलं, पण माती आतच अडली. तिसऱ्या दिवशी पंचशीलानं ओंजळ भरली, तर पाण्यातून तळहाताच्या रेषा स्वच्छ दिसल्या. ती तिथंच बसून मोकळेपणी हसली.

आता दर सोमवारी दहा-बारा बाया तिच्यासोबत भिंतीवरून फिरतात, घुशींची बिळं बुजवतात. नेमकं कुठं वाकून बघायचं, ते पंचशीला दाखवते.