हात पुरेल तेवढं अंगण

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा मी जळगावात, मेहरूणच्या तलावाजवळ बालवाडी चालवायचे. पत्र्याच्या खोलीत सतरंजी अंथरली की झाली बालवाडी. हिवाळ्यात तलावावरचं धुकं थेट दारापर्यंत यायचं आणि मुलं त्यातून उगवल्यासारखी यायची. आधी स्वेटरचा रंग दिसायचा, मग मूल. ते दिवस आठवतानाही मला तसंच होतं. आधी रंग दिसतात, चेहरे हळूहळू येतात.

त्या हिवाळ्यात एक नवी मुलगी आली. धुळ्याकडच्या खेड्यातलं कुटुंब, वडिलांना इथल्या डाळ मिलमध्ये काम लागलेलं. चार वर्षांची पोर, केसांना चपचपीत तेल. आत आली आणि जी मुलगी पहिली दिसली तिच्या मांडीवर डोकं ठेवून सरळ आडवी झाली. जणू स्वतःच्या घरीच आली होती.

पुढचे काही दिवस तेच चाललं. कुणाचे गाल धर, कुणाच्या पाठीला चिकटून बस, कुणाच्या डब्यातली पोळी न विचारता तोडून खा. त्यात खोडी अजिबात नव्हती. तिला सगळी आपलीच वाटत होती. पण मुलं हळूहळू सरकायला लागली. ती बसली की तिच्या आजूबाजूची सतरंजी रिकामी व्हायची.

आमच्याकडे एक अबोल मुलगीही होती. तिला कुणी हात लावलेला आवडत नसे. भिंतीशी बसायची, मणी ओवायची. एके सकाळी नवीने तिच्या गळ्यात मागून हात टाकले, तशी तिने दोन्ही हातांनी तिला ढकललं. मणी सतरंजीभर उधळले आणि दोघीही रडायला लागल्या.

"बाई, ही सारखी अंगावर येते," अबोल मुलगी हुंदके देत म्हणाली. इतकं लांब वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी नवीला म्हटलं, "जरा लांब बसावं बाळ."

ती उठली आणि दाराच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. सुट्टी होईपर्यंत तिथेच होती. लांब म्हणजे किती लांब, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, म्हणून संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. एकच खोली. एका गोधडीवर ती, तिची भावंडं आणि काकाची मुलं अशी सगळी एकमेकांच्या अंगावर पडलेली. कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, तेही कळत नव्हतं. आईने माझ्यापुढे गूळ-शेंगदाणे ठेवले.

"आमना घर बठ्ठा असाच ऱ्हातस, बाई," ती जरा ओशाळून म्हणाली. आमच्याकडे सगळे असेच राहतात.

गोधडीवरून पोरीने विचारलं, "मी उनू ते त्या मुली पयी जातीन का?" मी आले तर त्या पळून जातील का?

"उद्या ये, आपण तलावावर जाऊ," मी म्हटलं.

सकाळी मी सगळ्यांना तलावाकाठच्या मोकळ्या जागेत नेलं. बोरीच्या झाडांखाली दव होतं आणि पाणी कुठे संपतं, आभाळ कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. मी म्हटलं, "हात पसरा आणि हळूहळू गोल फिरा. कुणाला हात लागू द्यायचा नाही. हात पोचतो तिथपर्यंत ज्याचं त्याचं अंगण."

मुलं फिरायला लागली. धुक्यात त्यांचे रंगीत स्वेटर भिंगऱ्यांसारखे दिसत होते. चपलांखाली पाचोळा वाजत होता. मीही हात पसरून फिरले. घरी मला स्वतःचा असा कोपरा नव्हता. त्या सकाळी गार हवेत हात लांब करताना वाटलं, हे एवढं माझं आहे.

मग म्हटलं, "आता कुणाच्या अंगणात जायचं असेल तर बाहेरून विचारायचं, येऊ का? तो ये म्हणाला तर जायचं. नको म्हणाला तर थांबायचं. नको म्हणजे कट्टी नव्हे."

नवी मुलगी थेट अबोल मुलीसमोर जाऊन उभी राहिली. "येऊ का?"

"नको."

नवीने माझ्याकडे पाहिलं. मी तिथूनच म्हटलं, "आत्ता नको म्हणाली ती. उभी राहा तिथे, चालेल." ती उभी राहिली. दुसऱ्या एका मुलीने तिला "माझ्याकडे ये" म्हणून बोलावलं, तेव्हा हसत गेली. पण डोळे पुन्हा पुन्हा तिकडेच वळत होते.

परतताना मी जोड्या करायला सांगितल्या. अबोल मुलगी कुणाचाच हात धरत नसे, ती नेहमी एकटी चालायची. त्या दिवशी तिने फ्रॉकला पिनने लावलेला रुमाल काढला, त्याचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं नवीपुढे केलं. मधे रुमाल ताणलेला, अशा त्या दोघी माझ्यापुढे धुक्यात चालत गेल्या. मी मुद्दाम मागे राहिले.

त्यानंतर नवी पूर्ण बदलली असं नाही. विसरायची, एखाद्याच्या अंगावर पडायची, मग जीभ चावून मागे सरकून विचारायची. मुलं बहुतेक वेळा "ये" म्हणायची.

संक्रांतीच्या सुमारास तिची आई एकदा दुपारीच आली. मुलं सुटायला वेळ होता.

"बाई, काय शिकाडं तुम्ही हिले?" ती हसत म्हणाली. "मी आडी पडेल व्हतू. हाई जोडे उभी ऱ्हायनी आनि माले इचारस, माय, येऊ का?" मी आडवी पडले होते, तर ही जवळ उभी राहून मला विचारते, आई, येऊ का?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"आजवर माले कोनी असं इचारं नई," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

मी तिला आत बसायला सांगितलं. सतरंजीच्या कडेला, उन्हाच्या पट्ट्यात ती बसली. मुलं मणी ओवत होती. तिने भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले. शाळा सुटेपर्यंत तिच्या अंगाला कुणी हात लावला नाही.