वरून तिसरी पायरी

मंडळी, आज आमच्या वाडीतल्या लोकांनी मिळून देवळाकडे चढणारी जुनी पायवाट साफ केली. करवंदीच्या जाळ्या तोडल्या, ढासळलेल्या पायऱ्यांना नवे चिरे बसवले. उद्या सकाळी पालखी याच वाटेने जाणार आहे.

वरून तिसरी पायरी मी बसवली. शेवटी पाय ठेवून पाहिला, तर चिरा हलला. तेवढ्यात वाडीतल्या वडीलधाऱ्या आबांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने साकडं घालायला, सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, ह्या वाटेर कोणाचो पाय घसरूक देव नको, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले. मीही ओरडलो. मग नारळ फुटला, खोबरं वाटून झालं, माणसं पांगली. मीही खोबरं चघळत निघालो.

घरी बायकोला हलणाऱ्या चिऱ्याचं सांगितलं. ती म्हणाली, “देवासमोर व्हय म्हटलास, आता माका कित्याक सांगतास?”

शेवटी आत्ता आबांना फोन केला. ते हसले. “बरा झाला, सांगलंस तां. पालखीचो पुढचो खांदो माझोच आसा.”

उजाडताच पहार घेऊन जाणार आहे. पालखी यायच्या आत चिरा घट्ट बसेल ना, ही धाकधूक आहेच. चारचौघांत “थांबा, माझं काम कच्चं राहिलंय” असं तुम्हाला कधी म्हणता आलंय का?