सालगडी संत

दर पंधरा मेला माझं डोकं फिरतं. त्या दिवशी आमच्या गावातल्या पत्र्याच्या चर्चमध्ये संत इसिदोर यांचा सण असतो, आणि मिस्साआधी, म्हणजे मुख्य उपासनेआधी, त्यांचं चरित्र वाचतात. तो छापील कागद ऐकला की माझ्या अंगाची लाही लाही होते. कागद मीच लिहिलेला आहे.

आधी कागद नव्हता, माझी माय होती. तिला अक्षरओळख नाही. जुन्या फादरांनी कधीतरी सांगितलेलं चरित्र तिनं डोक्यात ठेवलं होतं, आणि ती ते दरवर्षी उभं राहून सांगायची.

"त्याचं गाव लय लांबचं, पण ऊन आपल्यासारखंच," इथून सुरुवात. "इसिदोर दुसऱ्याच्या शेतात सालगडी व्हता. सकाळी आधी मिस्साला जायचा, मग औताला. बाकीच्या गड्यांनी मालकाच्या कानाला लागून सांगितलं, ह्यो उशिरा येतोय. मालक बांधावर येऊन बघायलाय, तर इसिदोर गुडघे टेकून हाय आन् देवदूत त्याचं औत हाणायलेत!"

इथं बाया हसायच्या. मग माय बोट वर करायची. "देवदूत राबले, पर पीक कुणाच्या घरी गेलं? मालकाच्याच."

माझे वडील सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस मालकाचा. पंधरा मे म्हणजे वखरणीचे दिवस, म्हणून सणाची सुट्टी त्यांना एकदाही मिळाली नाही. संध्याकाळी माय त्यांना सगळं पुन्हा सांगायची. ते पाय धूत ऐकायचे आणि एकदाच म्हणाले होते, "त्याच्या बदली देवदूत आले. माझ्या बदली कोण येणार?" चेष्टेनं नव्हते म्हणाले.

या सणाला बियाण्याला आशीर्वाद मिळतो. ज्यांना शेत आहे ते सरकी, तूर घेऊन येतात. आमच्यासारख्या, ज्यांच्याकडं पेरायला वीतभर जमीन नाही, त्या बाया खुरपी आणायच्या. वेदीसमोर बियाण्याच्या पिशव्यांशेजारी खुरप्यांची रांग लागायची, फादर दोन्हींवर सारखंच पवित्र पाणी शिंपडायचे. मायचं खुरपं मधोमध, मूठ घासून गुळगुळीत झालेली.

मग चर्चची कमिटी झाली. अध्यक्ष म्हणजे आमच्यातलेच, नोकरीतून निवृत्त होऊन परभणीत घर बांधलेले गृहस्थ. ते सेलूला माझ्या शाळेत आले. मी तिथं मराठी शिकवते. म्हणाले, "मॅडम, यंदा बाहेरचे पाहुणे येणार आहेत. चरित्र जरा नीट, शुद्ध भाषेत लिहून द्या. तुमच्या आईचं सांगणं गोड आहे, पण शोभत नाही."

शोभत नाही! त्याच क्षणी त्यांना दारातून वाटेला लावायला हवं होतं. मी काय केलं? चहा मागवला. माझ्या अक्षराचं त्यांनी कौतुक केलं आणि मी फुगले. पाहुणे कोण, तेही त्यांनी सांगितलं. वडील ज्यांच्याकडं राबले त्या मालकांचा मुलगा. मांडव त्यानं दिला होता.

रात्री लिहायला बसले. 'सालगडी' हा शब्द लिहिला. मग तो पाहुणा पहिल्या खुर्चीवर बसलेला डोळ्यांपुढं आला, आणि मी शब्द खोडला. लिहिलं, 'संत इसिदोर हे एक कष्टाळू शेतकरी होते.' वाक्य छान वाटलं. पीक कुणाच्या घरी गेलं, तेही गाळलं. कुणी सांगितलं नव्हतं गाळायला. हे सगळं माझं स्वतःचं, आणि म्हणूनच जास्त चीड येते.

सणाला अध्यक्षांनी कागद वाचला, खाली माझं नाव. पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या. माय उभी राहायच्या तयारीत होती, ती तशीच खाली बसली. कमिटीनं फक्त बियाणंच आणा असंही कळवलं होतं, खुरपी म्हणे कार्यक्रमात बरी दिसत नाहीत. तरी मायनं खुरपं आणलं होतं. ते तिनं वेदीसमोर ठेवलंच नाही, पदरात गुंडाळून घरी नेलं.

घरी आल्यावर ती भांडली नाही. चुलीपुढं बसून म्हणाली, "सालगडी लिहायला शाई कमी पडली का गं? शेतकरी म्हणे. तुझ्या बापाचं शेत कुठं हाय, दाखिव मला." मी शुद्ध भाषेचं काहीतरी बोलू लागले. तिनं हात हलवून मला गप्प केलं. त्यानंतर तिनं ते चरित्र कुणालाच सांगितलेलं नाही. मी पाया पडले, तरी नाही.

अध्यक्षांना मी दोनदा सांगितलं, कागद बदलायचा आहे. "छापून झालाय, मॅडम," म्हणाले. जणू देवानंच छापलाय.

यंदा पंधरा मेला ते पुन्हा उभे राहिले. 'एक कष्टाळू शेतकरी' आलं आणि मी बायांच्या रांगेतून ताडकन उठले. "सालगडी! सालगडी होते ते! माझ्या बापासारखे!" माझा आवाज चिरकला. अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "मॅडम, मिस्सा झाल्यावर बोलू." आणि पुढची ओळ वाचायला घेतली, माझीच.

मी उभीच होते. शेजारून मायनं माझा पदर ओढला.

"बस खाली," ती म्हणाली. "आता वरडून काय? कागद तुझ्या हातात व्हता, तवा का न्हाई लिवलंस?"