मैनुद्दीनचाचांची कोरडी तार

मैनुद्दीनचाचांनी नारायण पेठेत उभा जन्म शिवणाच्या दोऱ्याची रिळं भरली. घरोघरची शिवणयंत्रं झाकली गेली, तसं दुकान मिटलं. पण बोटं थांबेनात. जेवून उठल्यावरही ती हवेत काहीतरी गुंडाळत असायची. मग त्यांनी वारज्यात पत्र्याची शेड घेतली आणि थ्री-डी प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार करायला लागले.

"दोरा पॉलिएस्टरचा, तारही पॉलिएस्टरची," ते म्हणत. "फक्त जरा जाड झालीय. माझ्यासारखी."

तार दिसायची सुरेख. पण सदाशिव पेठेत विद्यार्थ्यांना मॉडेलं छापून देणारी निकिता ती प्रिंटरला लावायची आणि तडतड सुरू व्हायची.

"चाचा, प्लास्टिक पाठवलंय की मोहरी? इथे फोडणी बसतेय."

छापलेली वस्तू फेसाळ निघे, बोटाने दाबली की मोडे. दोन रिळं अशी वाया गेली. चाचांनी बायकोला, अमिनाबींना, शब्द दिला होता: तिसरं बिघडलं तर तार काढायचं मशीन विकायचं आणि गप्प घरी बसायचं. गप्प घरी बसणं त्यांना कबरीच्या मापाचं वाटे. म्हणून तिसऱ्या वेळी ते जास्तच जपायला लागले.

निकिता या वेळी स्वतःच शेडवर बघायला आली. दारातच तिची चप्पल पचकन वाजली. फरशी ओली, भिंतींवर भिजलेली गोणपाटं, प्लास्टिकच्या दाण्यांची पिंपं उघडी, आणि मधोमध चाचा तांब्याने पाणी शिंपडतायत.

"हे काय, भातलावणी?"

"अगं, हवा कोरडी पडली की धागा तुटतो. आमच्या अब्बांपासून असंच चालत आलंय."

निकिता हसत सुटली. हसता हसता पिंपाला टेकून ओल्यातच बसली. "चाचा, दोऱ्याला ओल चालते. हे दाणे ओल पितात, आणि वितळताना तेच पाणी त्यांना आतून तोडतं. तुम्ही प्रेमाने मारताय त्यांना!"

चाचा तांब्याकडे बघत राहिले. मग त्यांनाही असं हसू फुटलं की डोळे पुसायला त्यांनी गोणपाट ओढलं.

"ते बाहेर!" निकिता ओरडली.

गोणपाटं बाहेर गेली. दाणे दिवसभर बंद भट्टीत मंद आचेवर तापले आणि गरमागरमच मशीनमध्ये पडले. तार निघाली ती थेट घट्ट झाकणाच्या डब्यात.

दुसऱ्या दिवशी सदाशिव पेठेत निकिताने छापायला घेतलं ते एक छोटं रिकामं रीळच. दोघं प्रिंटरला कान लावून बसले. तडतड नाही. नुसती शांतता, थरावर थर चढत जाणारी. चाचांनी रीळ दाबलं, आपटलं, शेवटी त्याच्यावर उभे राहिले. मोडेना. तेव्हा त्यांनी चपला काढून भर रस्त्यात दोन गिरक्या घेतल्या. समोरच्या क्लासची पोरं खिडकीत गोळा झाली.

मग हसत हसतच घरी फोन. "अमिना, मशीन विकायचं नाही!"

"अहो, गिऱ्हाईक समोर बसलंय. चहा घेतंय."

"बिस्किटं दे आणि वाटेला लाव."

"लावते," अमिनाबी म्हणाल्या. "फोन घेतल्या घेतल्या तुमचं हसणं ऐकलं, तेव्हाच त्याचा दुसरा कप परत पातेल्यात ओतला."