वापरून न पाहिलेला चाकू

गास्तों फाये अडतीस वर्षं चाकू जोडत आला. तिएर गावात यात सांगण्यासारखं काही नाही. तिथं दर तिसरं घर चाकूवर जगतं. एक जण पाती घडवतो, एक तिला पाणी देतो, एक धार काढतो, एक मूठ घासतो. जोडणारा शेवटी हे सगळं एकत्र आणून रिव्हेट ठोकतो. रिव्हेट अर्धा घाव जास्त बसला तर पाती जड उघडते, अर्धा घाव कमी पडला तर डुगडुगते. गास्तोंचा घाव चुकत नसे. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी भाषण वगैरे केलं नाही, त्याचा हातोडा तेवढा त्याला घरी नेऊ दिला. गास्तोंला ते भाषणाहून मोठं वाटलं.

अंगचोर माणूस त्याला खपत नसे. "थकला असाल तर घरी जा, पण अर्धं काम बाकावर ठेवून जाऊ नका," असं तो नव्या लोकांना सुनावायचा. सुनावण्याचा त्याला हक्कही होता. निवृत्त होईपर्यंत तरी होता.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी, फेब्रुवारीत, मिरेई ब्रुजिएर त्याच्या घरी आली. तिशीतली बाई. नदीकाठच्या एका जुन्या शेडमध्ये तिनं एकटीनं चाकूचं काम सुरू केलं होतं. वरच्या पठारावर गुरं पाळणाऱ्या लोकांसाठी तिनं घडीचा चाकू केला होता: खिशात मावेल असा, राखाडी शिंगाच्या मुठीचा. पहिला नग तिनं गास्तोंपुढे स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.

गास्तोंनं चाकू उघडला. पातीच्या पाठीवर अंगठा ठेवून तो सावकाश मिटवला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटवला.

"बोलतो चांगला," उघडतानाचा आवाज ऐकून तो म्हणाला.

"फायेबाबा, असं नाही," मिरेई म्हणाली. "कारागिरासारखा नका वापरू. तीन महिने खिशात ठेवा. पाव, दोरी, बटाटे, काठी, जे समोर येईल ते कापा. आणि जेवण झालं की खट्कन मिटवा. वरचे लोक तसंच करतात."

वरचे लोक तसं करतात हे गास्तोंला ठाऊक होतं. पठारावरच्या घरांत जेवण संपवायचं ते घरधन्यानं. त्यानं चाकू खट्कन मिटवला की टेबलावरची सगळी माणसं उठतात, ताटात काही उरलं असलं तरी. तिएरमध्ये मात्र पाती अशी आपटणारा माणूस म्हणजे घरात थुंकणारा माणूस. धार ज्यानं काढली त्याचा तो अपमान.

"मेअखेरीस गुरं वर चढतात, तेव्हा जत्रेत चाळीस चाकू न्यायचेत," मिरेई म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तरच नेईन." तिनं एक छोटी वही पुढे सरकवली. "रोज एक ओळ लिहा. काय कापलं, काय झालं."

"लिहितो," गास्तों म्हणाला.

पहिले काही दिवस त्यानं खरोखर चाकू वापरला. मग रविवार आला. दुपारच्या वेळी तो कॅफेत जुन्या सोबत्यांबरोबर बसला, सॉसेज आलं, प्रत्येकानं आपापला चाकू काढला. गास्तोंनं राखाडी मुठीचा काढला. तीस वर्षं शेजारच्या बाकावर बसलेल्या बेबेरनं तो पाहिला आणि पेला खाली ठेवला.

"काय गास्तों, या वयात दुसरं लग्न?"

"अरे, वापरून बघतोय."

"लग्नाआधी असंच म्हणतात सगळे. पहिलीला माहितीय का?"

टेबल हसलं. गास्तोंही हसला. पण चाकू खट्कन मिटवायची वेळ आली तेव्हा त्याचा हात धजेना. त्यानं अंगठ्यानं सावकाश मिटवला आणि खिशात टाकला. तिथंच बिघडलं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी विजारीच्या खिशात जुना चाकू गेला. तो खिसा तीस वर्षांत त्याच चाकूच्या मापाचा झाला होता. नवा चाकू ड्रॉवरमध्ये गेला. मी चाकू अंगठ्यानं ओळखतो, तीन महिने कशाला हवेत, असं गास्तोंनं मनाशी ठरवून टाकलं.

ओदेत, त्याची बायको, सगळं बघत होती.

"ड्रॉवरलाच भूक लागत असेल," ती एकदा म्हणाली. "चाकू तिथंच जेवतोय म्हणून म्हटलं."

"उद्यापासून घेतो."

"बरं."

मेच्या मध्यावर एका दुपारी तो वही घेऊन बसला आणि एका बैठकीत तीन महिने लिहून काढले. सुतळी कापली, धार ठीक. चीज कापलं, डाग नाही. हेझलची काठी तासली, पाती हलली नाही. लिहिता लिहिता त्याला ते जमू लागलं, आणि जमतंय याचं त्याला क्षणभर बरंही वाटलं.

ओदेत मागून वाचत होती. "बारा मार्चला तू काठी तासलीस? बारा मार्चला तू तापानं अंथरुणात होतास."

"मग तेरा करतो."

त्यानं खरंच बाराचे तेरा केले. ओदेत घेवडे सोलायला निघून गेली. शेवटच्या पानावर त्यानं लिहिलं, 'तीन महिने रोज वापरला. खोड नाही. गास्तों फाये.' सही नेहमीसारखीच ठाम आली.

मिरेईचे चाळीसही चाकू जत्रेत विकले गेले.

सप्टेंबरपर्यंत त्यांतले एकोणीस परत आले.

तिनं गास्तोंला शेडवर बोलावलं तेव्हा लुसियां आधीच आलेला होता. लुसियां रू पात्यांना पाणी द्यायचा. पाती लाल तापवून तेलात बुडवायची, मग पुन्हा हलकी शेकायची, रंग पाहून काढायची. एकाहत्तर वर्षांचा होता. बाकीचे कारखाने आता आपापल्या यंत्रभट्ट्या वापरत. लुसियांकडे काम उरलं होतं ते एकट्या मिरेईचं.

बाकावर एकोणीस चाकू उघडे मांडले होते. प्रत्येकाच्या धारेला एकाच जागी खाच पडलेली, टोकापासून बोटभर मागे.

"पात्या मऊ निघाल्या, लुसियांबाबा," मिरेई म्हणाली.

"मी चाळीस वर्षं देतो तसंच पाणी दिलंय."

"पहिल्या खेपेला दिलं असेल. फायेबाबांकडची पाती पहिल्या खेपेची. तीन महिने रोज वापरली, साधा ओरखडा नाही. ही बघा वही. या चाळीस दुसऱ्या खेपेच्या. दुसऱ्या खेपेला काहीतरी बिनसलं."

"बिनसलं असतं तर मला रंगावरून कळलं असतं."

"डोळे आता पूर्वीसारखे नसतील, बाबा." हे बोलताना तिचा आवाज खाली गेला. तिला ते बोलायचं नव्हतं हे दिसत होतं. "मी पुढच्या पात्या खालच्या गावी यंत्रभट्टीवर देणार आहे. ज्यांनी चाकू परत केले त्यांनाही कळवलंय, पाणी देण्यात चूक झाली म्हणून."

लुसियांनं वही उचलली आणि एकेक पान उलटू लागला. गास्तों समोर उभा होता. लुसियांला काय दिसतंय ते गास्तोंला कळत होतं. चाकू वापरणाऱ्या माणसाची वही कशी असते ते गावातल्या कुणालाही कळतं. तिच्यावर चरबीचं बोट असतं, वाइनचा गोल असतो, मधे पावाचा चुरा सापडतो. लुसियांनं शेवटपर्यंत पानं उलटली. सगळीकडे एकच शाई, एकच हात, कोरी करकरीत पानं.

"स्वच्छ वही आहे," लुसियां म्हणाला.

एवढंच. गास्तोंकडे त्यानं पाहिलंही नाही. वही जागच्या जागी ठेवली.

"ठीक आहे, मिरेई. दे खाली. तुझे चाकू आहेत."

आणि त्यानं टोपी घेतली.

गास्तोंच्या मनात आलं, उद्या सांगू. तिला एकटीला गाठून सांगू, नीट शब्द शोधून. मग त्याला ऐकू आलं की हे आपण मार्चपासून म्हणतोय, उद्यापासून घेतो. लुसियां दारापर्यंत गेला होता.

"वही खोटी आहे," गास्तों म्हणाला.

मिरेईला कळलं नाही. "म्हणजे?"

"एका दुपारी लिहिली. चाकू ड्रॉवरमध्ये होता."

"तीन महिने?"

"पहिले नऊ दिवस खिशात होता."

"नऊ दिवस रोज वापरला?"

गास्तोंनं आठवून पाहिलं. निदान आता तरी चूक नको. "सात."

"आणि मिटवताना?"

"अंगठ्यानं."

गास्तोंला वाटलं मिरेई ओरडेल. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं, कारण अर्ध्या कामावर तुम्ही कधी कुणाला सोडत नाही असं सगळे सांगायचे."

लुसियां दारातून परत आला. त्यानं टोपी बाकावर ठेवली. "तो चाकू आहे का तुझ्याजवळ?"

होता. बोलावलं म्हणून गास्तोंनं निघताना खिशात टाकला होता. नवाकोराच होता.

"मिटव मग. खट्कन. मी मोजतो."

गास्तों स्टुलावर बसला. पहिल्या वेळी अंगठा आपसूक पातीच्या पाठीवर गेला. लुसियांनं नुसती मान हलवली. दुसऱ्या वेळी त्यानं हात बाजूला घेतला आणि पाती आपटली. मग तो आपटत राहिला. उघड, खट्. उघड, खट्. मिरेई आपल्या बाकावर कानस चालवायला लागली, पण तिची कानस मधेच थांबायची. शंभराला गास्तोंचं नख फाटलं. दोनशेला अंगठा सुजला. लुसियां शांतपणे आकडे म्हणत होता, एकही गाळत नव्हता.

दोनशे चाळीसच्या आसपास आवाज बदलला. आधी खट् कोरडा येत होता, आता त्याच्या मागे बारीक किणकिण आली. तिघांनीही ऐकली. मिरेईनं चाकू उजेडाकडे धरला, भिंग लावलं.

"टाच," ती म्हणाली.

पातीच्या मागच्या टोकाला टाच असते. मिटल्यावर पाती तिच्यावर टेकून राहते, म्हणून धार आतल्या स्प्रिंगला लागत नाही. मिरेईनं ती टाच सुबक दिसावी म्हणून अरुंद घासली होती. आपटून आपटून ती स्प्रिंगमध्ये रुतत गेली, पाती केसभर खाली आली, आणि धार लोखंडावर बसली. टोकापासून बोटभर मागे, एकोणीसही चाकूंत जिथं बसली होती तिथंच.

"पाण्याचा संबंध नाही," लुसियां म्हणाला.

"नाही. माझी चूक आहे," मिरेई म्हणाली. "जत्रेआधी कळली असती तर चाळीस टाचा रुंद केल्या असत्या. आठवड्याचं काम."

गास्तोंनं मनात हिशेब केला. दिवसाला तीन जेवणं धरली तर दोनशे चाळीस वेळा म्हणजे ऐंशी दिवस. तिनं नव्वद दिवस मागितले होते. आणि नुसतं बसून आपटायचं म्हटलं तरी अर्ध्या तासाचं काम होतं. अर्ध्या तासाचं काम त्यानं तीन महिने चुकवलं होतं.

"मी या सगळ्या पात्या घासून देतो," तो म्हणाला. "टाचाही बदलतो. उद्यापासून—" त्यानं जीभ चावली. "आत्तापासून."

"नको. ते मला येतं." मिरेईनं वही उचलून त्याच्या हातात दिली. "मी एकोणीस घरांना कळवलंय, लुसियांबाबांनी पात्या बिघडवल्या. ते शब्द मी परत घेईन, पण ते म्हणतील, पोरगी म्हाताऱ्याला सांभाळून घेतेय. तुम्ही सांगा. पत्र नको. दारात उभं राहून."

गास्तोंकडे गाडी नव्हती. लुसियांकडे जुनी डबा गाडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गास्तोंच्या दारात येऊन उभी राहिली. ओदेतनं नवऱ्याच्या हातात पाव आणि चीज बांधून दिलं, कॉलर सरळ केली.

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं," ती म्हणाली.

"तू बोलली होतीस."

वाटेत लुसियां हवामानाबद्दल बोलला, गाडीच्या क्लचबद्दल बोलला. गास्तोंनं दोनदा माफीची सुरुवात केली. दोन्ही वेळा लुसियांनं गिअर बदलला.

पहिलं घर वालादचं. पठाराच्या कडेला दगडी गोठा, अंगणात चिखल, दूध काढून नुकतं संपलेलं. वालाद सत्तरीपुढचा, रुंद माणूस. गोठ्याच्या दारात त्याचे दोन मुलगे आणि सून कॅन धूत होते. लुसियां गाडीतच बसून राहिला. काच मात्र त्यानं खाली केली.

गास्तोंनं टोपी काढली आणि वाटेत जुळवलेलं वाक्य म्हटलं.

"काय?" वालादनं कानाला हात लावला. "मोठ्यानं बोला. या कानानं येत नाही."

"चाकूबद्दल! मिरेई ब्रुजिएरच्या!"

"मऊ निघाला तो! पाणी देणाऱ्यानं घाण केली!"

"त्यानं नाही केली!"

"मग कुणी?"

गास्तोंनं श्वास घेतला. सून कॅन धुवायची थांबली होती.

"मी! मला तीन महिने वापरून बघायला दिला होता! मी बघितला नाही! बघितला असं लिहून दिलं!"

"लिहून दिलं?"

"खोटं लिहिलं!" गास्तों ओरडला. इतक्या मोठ्यानं तो कारखान्यातही कधी बोलला नव्हता. कुंपणापलीकडच्या तांबड्या गाईंनी माना वळवल्या.

वालादनं त्याच्याकडे नीट पाहिलं, आधी चेहरा, मग हात, सुजलेला अंगठा.

"तुम्ही चाकूवालेच ना?"

"अडतीस वर्षं."

"आणि वापरून बघायचा कंटाळा आला?"

लाज वाटली असं म्हणता आलं असतं, जुन्या चाकूची सवय म्हणता आलं असतं. दोन्ही खरं होतं, पण या दारात ते टिकलं नसतं.

"हो," तो म्हणाला.

वालादनं मान हलवली. मग तो त्याला ओलांडून गाडीपाशी गेला आणि खिडकीतून हात आत घातला. लुसियांनं तो हातात घेतला. दोघं काहीतरी बोलले. गास्तोंला ऐकू आलं नाही, आणि तो जवळही गेला नाही. वालाद परत येताना त्याच्याजवळून गेला, पण हात पुढे केला नाही.

गास्तों गाडीत बसला. मिरेईनं दिलेल्या यादीतल्या पहिल्या नावावर त्यानं काट मारली. बोट चिखलाचं होतं, कागदावर डाग पडला.

"पुढचं कोण?" लुसियांनं विचारलं.

गास्तोंनं नाव वाचलं. अजून अठरा होती.