दुसरं टोक

शेजारचे माधवराव बांबूच्या आणि धामणीच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून धनुष्यं बनवतात. गोंद ओला असतो तोवर पट्ट्या निसटत राहतात, म्हणून क्लॅम्प आवळेपर्यंत कुणाला तरी दुसरं टोक धरावं लागतं. इतकी वर्षं वहिनी धरायच्या. त्या गेल्यावर काल पहिल्यांदाच माधवरावांनी काम काढलं आणि कुंपणावरून मला हाक मारली, "जरा धरता का?"

मी धरलं. एकेक क्लॅम्प आवळत ते माझ्याकडे सरकत आले. बोटांमधून गार, चिकट गोंद बाहेर येत होता. वाटलं, एकदा वाळल्यावर या पट्ट्या कुणाला वेगळ्या करता येणार नाहीत. पण तोवर त्यांना एकत्र ठेवायला माणसाचा हात लागतो. माझ्या घरात मी एकटाच. मला कुणी काही धरायला सांगून किती दिवस झाले होते!

"सोडा आता. बसला शेवटचा क्लॅम्प."

"सरकेल हो," म्हणत मी धरूनच राहिलो.

माधवराव हसले नाहीत. पक्का बसलेला तो क्लॅम्प त्यांनी सैल केला आणि सावकाश पुन्हा आवळायला घेतला.