जित्या बाईचा टाक

"माणूस नक्की गेला ना?"

निमाई हे गिऱ्हाईकाला तीनदा विचारायचा. एकदा दारात, एकदा चांदी हातात घेताना आणि एकदा हातोडी उचलल्यावर. लोक चिडायचे. "अहो, काल दहावा झाला, आता अजून किती जायचा?" असं एकानं त्याला सुनावलेलं मी या कानांनी ऐकलंय. निमाई हसायचा नाही. तिसरं 'हो' आल्याशिवाय त्याची हातोडी खाली यायची नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की बऱ्याच घरांत त्याचा टाक करतात. म्हणजे चांदीचा दोन बोटं रुंद पातळ पत्रा, लाखेवर बसवून मागच्या बाजूनं बारीक बारीक ठोकायचा. पुढून चेहरा उठून येतो. तो देव्हाऱ्यात देवांशेजारी बसवायचा, सणावाराला नैवेद्य दाखवायचा. बहुतेक सोनारांचे टाक सगळे एकसारखे. दोन डोळे, एक नाक, झाला आजोबा. निमाईचं तसं नव्हतं.

तो मूळचा बंगालचा. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याच्या नाजूक कामाला बंगाली कारागीर पुष्कळ, तसाच तोही आला. टाक करायला मात्र इथल्याच एका म्हाताऱ्या सोनारानं शिकवलं. बायको शेफाली आणि चार वर्षांची पुतुल यांना गावाहून आणलं, तेव्हा आमच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली. मला अक्का म्हणायचा. माझ्या सासऱ्यांचा टाक त्यानंच केला. त्यांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. फोटोही नव्हता. मला एवढंच विचारलं, "रागावला की काय करायचा? भाकरी कुठल्या दातानं चावायचा?" मी आठवेल ते सांगितलं. टाक हातात आला आणि माझ्या अंगावर काटा आला. उजवी भुवई तुटकी होती. लहानपणी बैलानं शिंग मारलं होतं त्यांना. ते मी सांगितलंच नव्हतं हो, माझ्या लक्षातच नव्हतं.

"तुला कसं कळलं रे?"

"मला नाही कळला. चांदीला कळला," निमाई म्हणाला. "चांदी सगळं ऐकते, अक्का. तिच्यासमोर खोटं नाही बोलायचं."

लेकीचं वेड असं की दुपारी बाजारातून चालत घरी यायचा, तिला मासळीचे काटे काढून घास भरवायचा आणि परत जायचा. शेफाली म्हणायची, "ती आता मोठी झाली, स्वतः खाईल." हा म्हणायचा, "ती खाईल गं, पण मग माझं पोट कसं भरणार?"

त्याच वर्षाची गोष्ट. सुरतेला नोकरीला असलेला एक माणूस दुकानात आला. गाव एरंडोल. आई गेली, टाक हवा, म्हणाला. निमाई तेव्हा एकदाच विचारायचा, आणि तो माणूस 'हो' म्हणाला. खरं असं होतं की आई दवाखान्यात होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. याची सुट्टी संपत आलेली. पुन्हा मिळेल न मिळेल, तर टाकाचं काम आत्ताच उरकून ठेवू, असा त्यानं हिशेब केला. दुष्टपणा नव्हता तो. घाई होती.

निमाई दोन दिवस बसला. डावा डोळा काही केल्या उठेना. तिथंच पत्रा फाटायचा. शेवटी मागून डाग देऊन, म्हणजे फाटलेलं सांधून, त्यानं तो कसाबसा उभा केला.

आठव्या दिवशी शेजारणीचा हात धरून एक म्हातारी दुकानात आली. डावा डोळा अर्धा मिटलेला, हनुवटीवर तीळ. ती बरी होऊन घरी आली तोवर पोरगा टाक न नेताच सुरतेला निघून गेला होता, मागे राहिलेल्या त्याच्या सदऱ्यात दुकानाची चिठ्ठी सापडली म्हणून ती चौकशीला आली होती. निमाईनं टाक काढून समोर ठेवला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, पुष्कळ वेळ पाहिला.

"हाई तं मीच शे," म्हातारी म्हणाली. मग तोंडाला पदर लावून हसली. "भाऊ, मी जित्ती शे ना? नीट देखी ले."

त्या संध्याकाळी पुतुल तापानं फणफणली. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते. घरात ते बंगाली बोलायचे, माझ्याशी पोर मराठीत बोलायची. पण त्या तापात ती घोगऱ्या आवाजात, त्या म्हातारीच्या बोलीत म्हणाली, "डोळा दुखस." गल्लीतल्या पोरांकडून शब्द उचलला असेल, असं मी आजही स्वतःला समजावते. पण तिचा डावा डोळा सुजून बंद झाला होता, त्याला काय म्हणू?

निमाईचा चेहरा राखेसारखा झाला. टाक वितळवावा तर जित्या बाईला आगीत घातल्यासारखं. ठेवावा तर लेक अशी. पहाटेच्या पहिल्या एस.टी.नं तो टाक घेऊन एरंडोलला गेला. वेणूमाय तिचं नाव. तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "आन इकडे. मना टाक, मनाजवळ ऱ्हावू दे." माझा टाक माझ्याजवळच राहू दे, असं. दुपारी त्यानं घरी फोन केला तेव्हा पुतुल अंथरुणात बसून भात मागत होती.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. म्हातारी आहे तोवर लेक आहे. म्हातारी गेली की...पुढचं तो बोलायचा नाही.

नऊ वर्षं, बघा. दर रविवारी एरंडोल. तिचं औषध, तिची मोसंबी, तिच्या छपराच्या पत्र्याची गळती. मोतीबिंदू काढायला तिला जळगावला आणली तेव्हा महिनाभर आमच्याच पुढच्या खोलीत ठेवली. शेफालीनं तिची वेणी घातली, पुतुलनं तिला धडे वाचून दाखवले. मुलीला यातलं काही कुणी सांगितलं नाही. तिला वाटायचं, ही आपली इथली आजी. वेणूमायनं तो टाक गावच्या देव्हाऱ्यात मांडला होता आणि रोज त्याला हळदकुंकू लावायची. मी थट्टेनं विचारलं, तर म्हणाली, "मनी पूजा मीच करस. दुसरं कोन करी?" निमाई मात्र हसायचा नाही. तिला ठसका लागला तरी हा उठून उभा राहायचा. मला कधी कधी रागही यायचा. वाटायचं, हा म्हातारीला जपत नाहीये, स्वतःच्या भीतीला जपतोय.

एकदा तिनंच त्याला जवळ बसवलं. "तू घाबरस, माले माहीत शे," म्हणाली. "मी गऊ तरी तुनी पोरले काहीच व्हवाव नही." तुझ्या पोरीला काही होणार नाही, असं. निमाईनं मान हलवली. विश्वास काही बसला नाही.

एप्रिलमध्ये सकाळी एरंडोलहून फोन आला. वेणूमाय झोपेतच गेली होती. पुतुल सातवीत, परीक्षेला निघून गेलेली. मुलाला सुरतेहून पोचायला रात्र होणार, आणि त्या उन्हात तोवर ठेवणं शक्य नव्हतं. त्यानं फोनवर सांगितलं, "तुम्हीच अग्नी द्या."

निमाई दारात उभा. एक पाय आत, एक बाहेर. शेफाली म्हणाली, "आईला आंघोळ घालायला घरची बाई पाहिजे. मी जाते. तू इथं थांब." त्यानं बाहेरचा पाय आत घेतला नाही. मग माझ्याकडे वळला. "अक्का, पुतुलच्या शाळेत जा. हात धर आणि सोडू नको. आईला खांदा द्यायला दुसरा कोणी नाही."

मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. घंटा झाली. लाल रिबिनींच्या वेण्यांचा लोंढा बाहेर आला, पांगला, संपला. पुतुल नाही. शिपायानं फाटकाची एक बाजू लावून घेतली. मी दुसरी बाजू धरून उभी राहिले हो, त्या उन्हात. देवाला काय काय बोलले, ते इथं लिहीत नाही.

मग व्हरांड्यातून ती आली. एकटी, डोळे चोळत.

"कुठं होतीस गं?"

"पेपर लवकर झाला, अक्काआजी. बाकावर डोकं टेकलं तर झोपच लागली. सगळ्या गेल्या तरी कळलं नाही."

"मग उठलीस कशी?"

"कोणीतरी हलवलं. म्हणालं, घर जाय." ती मागे वळून बघू लागली. "बाई असतील. पण वर्गात कोणी नव्हतं."

मी तिचं मनगट धरलं आणि निमाईला फोन लावला. पलीकडे लाकडं तडतडत होती. तो काही विचारेचना. विचारायचं धाडसच होत नसावं.

"आली रे," मी म्हटलं. "माझ्याजवळ उभी आहे. धडधाकट आहे."

मग निमाई रडू लागला. "मा, मा गो," म्हणत, मोठमोठ्यानं, चार लोकांत, आई गेल्यावर लेकरू रडतं तसा.